बी जपणाऱ्यांचा टोमॅटो

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात, लोगन नावाचं गाव आहे. १९३०च्या दशकात तिथे एम. सी. बाइल्स यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान चढाच्या पायथ्याशी होतं. चढावर मालमोटारींची इंजिनं तापायची आणि गाड्या दुरुस्तीसाठी बाइल्स यांच्या दारात यायच्या. त्यावरून त्यांचं नाव पडलं ‘रेडिएटर चार्ली’. डोक्यावर घराचं सहा हजार डॉलरचं कर्ज होतं.

वनस्पतिशास्त्राशी काहीही संबंध नसलेल्या या माणसाला मोठा, मांसल आणि चवदार टोमॅटो पिकवायचा होता. मोठी फळं देणारे चार वाण त्यांनी मिळवले. एक मधोमध लावला, बाकीचे भोवती गोलाकार. लहान मुलांचे कान धुण्याच्या रबरी पिचकारीनं ते भोवतालच्या फुलांतला पराग मधल्या झाडाच्या फुलांवर सोडत. पुढच्या हंगामात आलेल्या रोपांतलं सर्वात उजवं रोप मध्यभागी, बाकीची चांगली कडेला. असं आणखी सहा वर्षं चाललं. शेवटी मनासारखा वाण स्थिर झाला. त्याची रोपं त्यांनी एक डॉलरला एक या दरानं विकली. लोक दोनदोनशे मैलांवरून गाडी हाकत रोपं न्यायला येत. सहा वर्षांत कर्ज फिटलं आणि त्या टोमॅटोला नाव मिळालं ‘मॉर्गेज लिफ्टर’, म्हणजे गहाण सोडवणारा. तो आजही जगभरच्या परसबागांत लावला जातो, कारण गेली सत्तर-ऐंशी वर्षं कुणी ना कुणी दर हंगामात त्याचं बी धरून ठेवलं आहे.

टोमॅटोच्या अशा जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणांना इंग्रजीत ‘एअरलूम’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘गावरान’ हा नेमका शब्द आहे. या वाणांबद्दल हळवेपणानं पुष्कळ बोललं जातं. ते जपणं ही शेतीची रोकडी गरज कशी आहे, हे त्या मानानं कमी सांगितलं जातं. या लेखात तेच मांडायचं आहे.

एका लिफाफ्यातून आलेलं बी

१९९० साली अमेरिकेत क्रेग लहूलिअर यांना टपालानं एक लिफाफा आला. लहूलिअर हे पेशानं रसायनशास्त्रज्ञ आणि टोमॅटोचे निस्सीम संग्राहक. लिफाफ्यात थोडं बी होतं आणि सोबत चिठ्ठी. पाठवणारे होते टेनेसी राज्यातले जे. डी. ग्रीन. त्यांनी कळवलं होतं की हा जांभळा टोमॅटो त्यांना शेजाऱ्यांकडून मिळाला आणि शेजाऱ्यांच्या घरात तो शंभर वर्षांपूर्वी चेरोकी आदिवासींकडून आला असं सांगतात. लहूलिअर यांनी बी पेरलं. फळ निघालं मळकट जांभळं, मार लागून काळंनिळं पडावं तसं. चव मात्र विलक्षण. त्यांनी त्याला ‘चेरोकी पर्पल’ नाव दिलं आणि बी ‘सदर्न एक्स्पोजर सीड एक्स्चेंज’ या बियाणं विकणाऱ्या संस्थेला दिलं. असा रंग लोक घेतील का, ही शंका संस्थेलाही होती. तरी १९९३मध्ये तो त्यांच्या सूचिपत्रात आला आणि आज अमेरिकेतल्या सर्वाधिक आवडत्या जुन्या वाणांत त्याची गणना होते. एका कुटुंबाच्या वाफ्यात अडकलेला हा वाण एखाद्या वर्षी पेरायचा राहिला असता, तर त्याचं नावसुद्धा कुणाला कळलं नसतं.

जुनं बी जपण्याच्या चळवळीचा मोठा टप्पा १९७५चा. डायेन ऑट व्हीली आणि केंट व्हीली या जोडप्यानं त्या वर्षी बियाण्यांच्या अदलाबदलीचं जाळं सुरू केलं. डायेन यांच्या आजोबांनी दिलेली दोन बियाणी हे त्यांचं भांडवल होतं. एक फुलवेल आणि एक टोमॅटो, ‘जर्मन पिंक’. हे बी एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातून स्थलांतरितांबरोबर आलेलं. त्या जाळ्याची पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही संस्था झाली. आयोवा राज्यात डेकोरा गावाजवळच्या तिच्या शेतावर आज वीस हजारांहून अधिक वाण सांभाळले जातात.

सरळ वाण, संकरित वाण

टोमॅटोचं फूल पाहिलं तर पुंकेसरांचं एक पिवळं शंकूसारखं टोपण दिसतं. स्त्रीकेसर बहुधा त्याच्या आतच असतो, म्हणून फूल स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळे सरळ, म्हणजे संकर न केलेल्या, वाणाचं बी पेरलं की आईसारखंच झाड येतं. बाइल्स किंवा ग्रीन यांच्यासारखी साधी माणसं वाण टिकवू शकली ती फुलाच्या या रचनेमुळे.

संकरित टोमॅटोचं तसं नाही. दोन वेगळ्या शुद्ध ओळींचा संकर करून पहिल्या पिढीचं बी शेतकऱ्याला विकलं जातं. ही पिढी जोमदार आणि एकसारखी असते. तिच्या फळांतलं बी पुन्हा पेरलं तर मात्र दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड उंच, एक ठेंगणं, एकाचं फळ गोल, दुसऱ्याचं लांबट. म्हणून शेतकऱ्याला दर हंगामात नवं पाकीट घ्यावं लागतं. या संकराचं कामही हातानंच होतं. कर्नाटकातल्या राणेबेन्नूर भागात आणि आपल्याकडे जालना, देऊळगाव राजा या पट्ट्यात चिमट्यानं एकेका कळीतले पुंकेसर काढून परागीकरण करण्यात हजारो बायाबापड्यांचे हात गुंतलेले असतात.

संकरित वाणांना दोष देणं मला पटत नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटच्या थप्प्या ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला शेतकऱ्याचा हिशेब सांगावा लागत नाही. बांबू, तार, सुतळी, ठिबक, मल्चिंग, फवारण्या यांवर एकरी लाखाच्या घरात खर्च करायचा, आणि भाव मिळेल तो घ्यायचा. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरीच्या पार गेला आणि पुढच्या काही महिन्यांतच कवडीमोल झाला. अशा जुगारात उतरलेला शेतकरी जास्त उतारा देणारा, दिल्लीपर्यंतचा प्रवास सोसणारा, कडक सालीचा वाणच लावणार. त्याला ‘गावरान लाव’ असं शहरात बसून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही.

पण जो संकरित वाण तो लावतो, त्यातले रोगप्रतिकाराचे गुण आले कुठून, हे पाहिलं की जुन्या वाणांचं मोल कळतं.

अँडीजमधलं चिकट तण

टोमॅटोचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि इक्वेडोरच्या परिसरात. तिथे त्याचे रानटी भाऊबंद आजही उगवतात. मेक्सिकोत तो शेतीत स्थिरावला, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि पोर्तुगिजांमार्फत आपल्याकडे आला. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बीच पुढे गेलं, त्यामुळे जगभर पसरलेल्या टोमॅटोचा जनुकसाठा मुळातच तोकडा राहिला. उरलेली संपत्ती रानात होती.

डिसेंबर १९६२मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू इल्टिस आणि त्यांचे सहकारी डॉन उजेंट रानटी बटाट्यांच्या शोधात पेरूच्या डोंगरात हिंडत होते. वाटेत त्यांना पिवळ्या फुलांची, चिकट पानांची, गुंतवळ झालेली एक टोमॅटोवर्गीय वनस्पती दिसली. फळं चेरीपेक्षाही लहान आणि हिरवट पांढरी, खाण्याच्या दृष्टीनं निरुपयोगी. तरीही त्यांनी नमुना घेतला, त्याला ८३२ हा क्रमांक दिला आणि थोडं बी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या चार्ल्स रिक यांना पाठवलं. रिक यांनी ते वर्षानुवर्षं लागवडीच्या टोमॅटोशी संकरित केलं. त्यातून साखर आणि विद्राव्य घन पदार्थ जास्त असलेले टोमॅटो निघाले. सॉस आणि प्युरीच्या कारखान्यांना याचा केवढा फायदा! पाणी कमी आटवावं लागतं. हा गुण अमेरिकी उद्योगाला वर्षाला ऐंशी लाख डॉलर मिळवून देईल असा अंदाज इल्टिस यांनी पुढे नोंदवून ठेवला. त्यांच्या सबंध मोहिमेचा खर्च होता एकवीस हजार डॉलर.

रिक यांनी गॅलापागोस बेटांवरूनही रानटी टोमॅटो आणले होते. ते बी काही केल्या उगवेना. मग त्यांनी ते त्याच बेटांवरच्या महाकाय कासवांना खाऊ घातलं. कासवांच्या पोटातून काही आठवड्यांनी बाहेर पडलेलं बी उगवलं. या टोमॅटोच्या देठाला सांधा नसतो. हा गुण पुढे यंत्रानं तोडायच्या टोमॅटोत आणला गेला, कारण त्यामुळे फळ देठाविना सुटून येतं.

आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या दुखण्यांकडे वळू. मुळांना गाठी आणणारी सूत्रकृमी रोखणारा जनुक एका पेरूवियन रानटी जातीतून आला. १९४०च्या दशकात प्रयोगशाळेत भ्रूण वाढवून तो संकर जेमतेम जगवला होता, आणि आजच्या सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटोंमध्ये बहुतांशी तोच जनुक आहे. पानं आकसवणाऱ्या, पांढऱ्या माशीनं पसरणाऱ्या लीफ कर्ल विषाणूला तोंड देणारे जनुकही रानटी जातींतलेच. त्यांतला एक भारतात हिसारच्या कृषी संशोधकांनी ‘एच-२४’ या वाणात उतरवला. संकरित बियाण्याच्या चकचकीत पाकिटात जे सामर्थ्य आहे, त्याचा मोठा हिस्सा कुणीतरी जपलेल्या, ‘निरुपयोगी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या बियाण्यातून आलेला आहे.

चव कुठे गेली

हल्ली टोमॅटोला चव राहिली नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येते. सार करताना चार टोमॅटो घातले तरी चिंच किंवा आमसूल लागतंच. वऱ्हाडाकडच्या भेद्र्यांची, म्हणजे टोमॅटोची, शेंगदाण्याचं कूट घालून केलेली आंबटगोड चटणी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ही उणीव फार जाणवते. ती निव्वळ आठवणींची करामत आहे का? विज्ञानानं याचं उत्तर शोधलं आहे.

पिकू लागलेल्या जुन्या टोमॅटोच्या देठाजवळ गडद हिरवा पट्टा दिसायचा. त्याला हिरवा खांदा म्हणतात. बाजाराला एकसारखा रंग हवा होता, म्हणून सुमारे सत्तर वर्षं पैदासकार हिरवा खांदा नसलेली झाडं निवडत गेले. २०१२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं की या निवडीत एक महत्त्वाचा जनुक निकामी झाला होता. तोच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्याची जडणघडण वाढवून साखर तयार करायला मदत करत असे. रंग साधला आणि गोडी कमी झाली.

२०१७मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे हॅरी क्ली, डेनीस टीमन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी ३९८ आधुनिक, जुन्या आणि रानटी टोमॅटोंचे जनुकसंच तपासले. लोकांना टोमॅटो खायला देऊन त्यांच्या पसंतीची नोंदही घेतली. टोमॅटोची चव साखर आणि आम्ल यांच्या जोडीला डझनावारी सुगंधी द्रव्यांतून घडते. त्यांपैकी १३ द्रव्यं आधुनिक वाणांत लक्षणीयरीत्या घटलेली आढळली. पैदाशीत वजन, टिकाऊपणा आणि उतारा मोजला जात होता, चव कुणी मोजतच नव्हतं. जे मोजलं गेलं नाही, ते हळूहळू गळालं.

२०१९मध्ये ७२५ टोमॅटोंचे जनुकसंच एकत्र मांडले गेले, तेव्हा आणखी मोठी गोष्ट उघड झाली. संशोधक ज्या एका आधुनिक टोमॅटोचा जनुकसंच प्रमाण मानत होते, त्यात नसलेले ४,८७३ जनुक इतर टोमॅटोंत सापडले. त्यांतल्या कित्येकांचं काम अजून समजायचं आहे. आणि ते समजण्याआधीच त्यांना धारण करणारे वाण संपले, तर ते परत निर्माण करता येणार नाहीत.

सान मार्झानो ते संगमनेर

इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी, सार्नो नदीच्या मैदानात सान मार्झानो नावाचा लांबट, पातळ सालीचा, कमी बियांचा टोमॅटो पिकतो. नेपल्सच्या पिझ्झ्याचा सॉस त्याचाच. १९७०च्या दशकापासून काकडी मोझॅक विषाणूनं या पिकाला झोडपलं. शेतकऱ्यांनी संकरित वाण धरले आणि सान मार्झानो संपण्याच्या बेतात आला. तो वाचला, कारण त्या भागात वेगवेगळ्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात राखलेलं बी थोडंथोडं वेगळं होतं. ते जमवून, तपासून, त्यातून निवड करून लागवड पुन्हा उभी केली गेली. १९९६मध्ये युरोपीय संघानं या टोमॅटोला उगमस्थानाचं संरक्षण दिलं. आज त्या मैदानातल्या शेतकऱ्याला त्या नावामुळे जादा भाव मिळतो.

तोच विषाणू २०२०च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ठळकपणे पुढे आला. टाळेबंदीच्या दिवसांत जुन्नर, संगमनेर, अकोले भागांतल्या टोमॅटोवर पिवळे-हिरवे-लाल पट्टे उमटू लागले. शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणाले. उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत नमुन्यांत प्रामुख्यानं काकडी मोझॅक विषाणू सापडला. मावा ही कीड तो पसरवते.

जुना वाण लावला असता तर हा रोग आला नसता, असं मी म्हणणार नाही. सान मार्झानोही जुनाच होता आणि तोही या रोगानं कोसळला. धडा निराळा आहे. हजारो एकरांवर एकाच घडणीची झाडं असली की रोगाला अडवणारं काही उरत नाही. झाडाझाडांत फरक असेल तर त्यातली काही तगतात आणि त्या तगलेल्यांमधून पुढची निवड करता येते. इटलीकडे निवड करायला बी शिल्लक होतं. आपल्याकडे बांधावर, उकिरड्याच्या कडेला, वाल-घेवड्याच्या मांडवाखाली आपोआप उगवणारा लहान, खाचदार, आंबट गावरान टोमॅटो कुठे किती उरला आहे, याची गावनिहाय मोजदाद तातडीनं व्हायला हवी.

कोठार हवं, आणि वाफाही

दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुकपेढीत उणे १८ अंश तापमानात सर्व पिकांचे मिळून साडेचार लाखांच्या आसपास नमुने आहेत. ब्यूरोचं एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोला शहरात आहे. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात टोमॅटोचे आठ हजारांवर नमुने आहेत. हे काम अमोल आहे. पण शीतकोठारात ठेवलेलं बी तिथेच थांबतं. बाहेर ऊन वाढतं, पाऊस लांबतो, नवे रोग येतात, आणि त्यांच्याशी झुंजत बदलण्याची संधी त्या बियाण्याला मिळत नाही. ती मिळते दर वर्षी पेरल्या जाणाऱ्या वाफ्यात. शिवाय वाणाबरोबर माणसाचं ज्ञानही टिकावं लागतं. कोणता टोमॅटो चटणीचा, कोणता उन्हाळ्यात तग धरणारा, हे कोठाराच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे ज्ञान हातात धरून ठेवलं. शाळेची पायरी न चढलेल्या महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी वाल, भात, भाजीपाल्याची गावरान बियाणी गोळा केली, घरातच बियाणं बँक उभारली आणि बाएफ संस्थेच्या साथीनं ती इतर शेतकऱ्यांपर्यंत पोचवली. त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांच्या कामात सर्वात मोलाची वाटते ती वाटण्याची रीत. त्यांच्याकडून बी नेणाऱ्यानं ते वाढवून परत आणायचं असतं. या रीतीमुळे एकाचं पीक बुडालं तरी वाण दुसऱ्याकडे राहतो.

कायदाही या बाजूनं आहे. २००१च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३९नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडचं लेबल न लावता विकण्याचाही हक्क आहे. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी त्यांच्या नावे करता येते आणि त्यासाठी त्यांना शुल्क पडत नाही. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे.

बी कसं धरायचं

हे काम कुणालाही जमण्याजोगं आहे. निरोगी, चांगली फळं देणारी निदान पाच-सहा झाडं निवडावीत आणि त्यांना खूण बांधावी. काही जुन्या वाणांत स्त्रीकेसर बाहेर डोकावतो आणि मधमाशांमुळे परका पराग बसू शकतो. म्हणून राखीव घोसावर कळी उमलण्याआधीच मलमलीची पिशवी बांधावी आणि फळ धरलं की काढावी. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळं झाडावरच पूर्ण पिकू द्यावीत. फळ चिरून गर आणि बी काचेच्या भांड्यात काढावं आणि दोन-तीन दिवस आंबू द्यावं. त्यामुळे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग पाणी घालून ढवळावं. पोचट बी वर तरंगतं, ते टाकून द्यावं. तळाचं भरीव बी स्वच्छ धुऊन ताटलीत पसरून सावलीत खडखडीत वाळवावं. कागदावर पसरलं तर ते चिकटतं. कोरड्या बाटलीत घट्ट झाकण लावून थंड जागी ठेवलेलं बी चार-पाच वर्षं सहज उगवतं. बाटलीवर वाणाचं नाव, कोणत्या गावातून, कुणाकडून मिळालं आणि कोणत्या वर्षी धरलं, हे लिहायला विसरू नये. नोंद नसलेलं बी म्हणजे निनावी अनाथ बी.

हा भार बाजारासाठी पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर टाकून आपण मोकळं होऊ नये. त्यानं संकरित लावावा आणि कर्ज फेडावं. जपणुकीचं काम परसबागा, गच्च्या, शाळांची आवारं, बचत गट, कृषी महाविद्यालयं यांनी वाटून घ्यायचं आहे. कृषी विद्यापीठांनी गावरान टोमॅटोचा जिल्हावार शोध घ्यावा, आणि नवे वाण निवडताना उताऱ्याबरोबर चवीलाही गुण द्यावेत. आणि खाणाऱ्यांनी बाजारात खाचदार, वेडावाकडा, हिरव्या खांद्याचा टोमॅटो दिसला तर तो मागून घ्यावा, दोन पैसे जास्त देऊन घ्यावा. गिऱ्हाईक नसलेला वाण फार काळ टिकत नाही.

दिवाळी सरली की थंडीच्या टोमॅटोची रोपं टाकायला अजून वेळ असतो. त्या वेळी पेरलेलं बी फेब्रुवारी-मार्चपर्यंत फळाला येतं. गावी जाल तेव्हा आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना विचारा, घरचं टोमॅटोचं बी कुणाकडे आहे का. मिळालं तर पाच-सहा कुंड्यांत लावा, खा, प्रत्येक झाडाचं एक फळ बियाण्यासाठी राखा आणि ते बी निदान दोन घरांत द्या. एका घरात राहिलेला वाण एका खराब हंगामात संपतो. तीन घरांत पोचलेला वाण टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.